कोऱ्या पाण्याचा चहा

मित्रांनो, मी एक जुना चहाचा वाडगा आहे. रंगाने काळा, एका बाजूला जरा बसका. जपानमधल्या मात्सुए गावातल्या कुंभाराने मला हातांनी घडवलं आणि भट्टीत लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर ओढलं. त्या चिमट्याचा वळ माझ्या पोटावर अजून आहे. तीच माझी दर्शनी बाजू. तिला पाहुण्याने ओठ लावायचे नसतात. मला हळूच फिरवून मग प्यायचं असतं.

कुनिकोबाईंनी तरुणपणी मला विकत घेतलं आणि बागेतल्या आपल्या चहाच्या खोलीत आणलं. तिथे चहा शिकायला शिष्य येत, रविवारी चहा चाखायला परगावचे पाहुणे येत. बुटक्या दारातून सगळ्यांनाच वाकून आत यावं लागे. शेवटचा घोट सुर्रकन ओढायचा, "छान झाला" म्हणायचं आणि यजमानीणबाईंची चूक कधीही काढायची नाही, ही तिथली रीत. ती रीत मला फार आवडायची. आता आवडत नाही.

गेल्या पानगळीपासून बाई विसरायला लागल्या. चहा घुसळायची रवी हातात धरून रवीच शोधायच्या. त्यांची मुलगी मिहोको हिरोशिमाला राहते. ती आली, की डॉक्टर तात्सुमींना बाजूला घेऊन विचारायची. दातांचा दवाखाना बंद करून बसलेले हे डॉक्टर म्हणजे बाईंचे सर्वांत जुने शिष्य.

"काका, आई ठीक आहे ना? एकटी चहाच्या निखाऱ्यांपाशी बसते, माझा जीव टांगणीला लागतो."

"अगं, बाई माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत! उगाच काळजी करतेस."

ते खोटं आहे, हे मला दिसत होतं.

मग तो रविवार आला. ओसाकाहून दोघी बहिणी चहा चाखायला आल्या होत्या. डॉक्टर मानाच्या जागी बसले होते. चहाआधीचं गोड खाऊन झालं होतं.

"ताई, गुडघे मोडून बसून माझे पाय मेले गं," धाकटी कुजबुजली.

"गप्प बस. खाताना नाही मेले ते?"

डॉक्टर हसले. "पाय मेले तरी चालेल, वाडगा तेवढा सांभाळा."

बाईंनी पळीने माझ्यात कढत पाणी ओतलं आणि बांबूच्या रवीने मन लावून घुसळलं. पण चहाची हिरवी पूड घालायचीच राहिली होती! डॉक्टरांनी मला उचललं, फिरवलं, ते कोरं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "छान झाला, बाई."

बाईंनी मला परत घेऊन विसळलं. विसळलेलं पाणी हिरवं यायला हवं होतं, ते स्वच्छ निघालं. बाई त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पूड घालून त्यांनी बहिणींना नीट चहा करून दिला.

"अगंबाई, केवढा कडू!" धाकटीने तोंड वाकडं केलं. बाई तिच्याकडे फार मायेने बघत होत्या.

बहिणी गेल्यावर बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आणखी एक घ्या." त्यांनी पुन्हा घुसळलं आणि मला डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टर प्यायले. सुर्र!

"अप्रतिम, बाई."

"मघाशी मी पूड विसरले होते. आत्ता मुद्दाम घातली नाही."

डॉक्टरांचं कपाळ चटईला टेकलं. "बाई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"आजवर किती वेळा छान म्हणालात. त्यातलं खरं कोणतं होतं? घर लाकडाचं, निखारे मी फुलवते. माझं काही चुकतंय का, हे आता मी विचारायचं तरी कुणाला?"

मग डॉक्टरांनी हळूहळू सगळं सांगितलं. बाई फुललेले निखारे तसेच टाकून बाहेर गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी ते गुपचूप विझवले होते, तेही सांगितलं. मांडीवर हात ठेवून बाईंनी ऐकून घेतलं.

"मिहोकोला फोन लावा," त्या म्हणाल्या. "तिला मात्र खरं सांगा."

मित्रांनो, आता त्या खोलीत निखारे फुलत नाहीत, मी लाकडी पेटीत असतो. मला जपा, आपटू नका, असं विनवून मी निरोप घेणार होतो. पण मी फुटलो, तर दुसरा वाडगा मिळेल. तुमच्या घरातलं मोठं माणूस चुकायला लागलं, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याला प्रेमाने खरं सांगा. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.