सरळ काढलेला फोटो

“काकू, उलटा काढू का सरळ?”

राजापेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात जीवननं मान वर न करताच विचारलं. त्याच्यासमोरच्या पडद्यावर गोदाबाईंचे नवरे, महादेवराव होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, डाव्या डोळ्याखाली चामखीळ. सुनेनं, रागिणीनं, फोटो जीवनच्या मोबाइलवर आधीच पाठवला होता आणि सासूला निघताना बजावलं होतं, “उलटा द्या म्हनजा, आई. नाही तं बरणीवर उलटा येते.”

गोदाबाईंच्या तोंडून तो शब्द निघेना. माणूस गेला की त्या दिवशी सगळंच उलटं करतात. ते एकदा करून झालं होतं. रविवारी वरसी, वर्षश्राद्ध, आणि आता परत आपल्याच तोंडानं म्हणायचं, त्याला उलटा काढ?

“वहिनीचे फोटो तं नेहमी उलटेच नेता तुमी,” जीवन म्हणाला.

“ते लोकायचे असते. हा आमचा मानूस हाये. सरळच दे.”

“हाओ, सरळ तं सरळ. मशीनले काय, थी काही सोयरीक जमवून नाही राहिली.”

गोदाबाई हसल्या आणि गरम कागद पदराखाली धरून घरी आल्या.

रागिणी घरी बसून काचेच्या बरण्यांवर फोटो उतरवायची. लग्नाचे, बारशांचे, वाढदिवसांचे. बरणी आधी स्पिरिटनं पुसायची, तिच्यावर पारदर्शक गोंदाचा थर द्यायचा, फोटोची छापील बाजू काचेला चिकटवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी कागद ओला करून बोटानं घासत राहायचं. कागदाच्या सुरळ्या होऊन निघून जातात, शाई काचेवर राहते. फोटोत अक्षरं असली तर उलटसुलट लगेच कळतं. नुसत्या चेहऱ्यात कळत नाही. त्या दिवशी रागिणीला तीन ऑर्डरी द्यायच्या होत्या. तिनं सासूच्या हातातला कागद घेतला आणि वरसीला मांडायच्या बरणीवर चिकटवला.

“ही बरणी मीच घासतो,” गोदाबाई म्हणाल्या.

“घासा ना. तुमच्याच मानसाची हाये,” रागिणी म्हणाली.

गोदाबाईंना जे झालं होतं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना नवऱ्याचा चेहरा आठवेनासा झाला होता. नवरा गेल्यावर मुलानं, कुलदीपनं, त्यांना तिवशाकडच्या गावातून अमरावतीला आणलं. सुरुवातीला सगळं डोळ्यांसमोर असायचं. मग हळूहळू चेहरा गेला. डोळे मिटले की हात यायचे, बोटांची पेरं यायची. शेताच्या धुऱ्यावरून दूर जाणारी पाठ यायची. खोकलासुद्धा जसाच्या तसा ऐकू यायचा. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता उजेड. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, पण त्याच्याकडे कितीही पाहिलं तरी तो सोयरिकीतला कोणी पाहुणा वाटायचा. कुलदीपच्या लग्नात काढलेला तोच फोटो आता बरणीवर होता. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला विसरलेली बाई, हे सांगायचं तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मागच्या अंगणात पाण्याचं घमेलं घेऊन बसल्या. आधी टोपी घासली. टोपी निघून गेली. पांढरा रंग छापला जात नाही, तो कागदाचाच असतो; कागद गेला की तिथं काच उरते. शर्टही तसाच गेला. मग कपाळ आलं, भुवया आल्या, मिशी आली. गोदाबाईंचं बोट गालावरून फिरत होतं. चामखिळीपाशी ते थांबलं.

“अगं माय,” त्या म्हणाल्या.

रागिणी आतून धावत आली. “फाटला का?”

“नाही व. आले.”

“कोण आलं?”

गोदाबाईंनी बरणीकडे बोट केलं.

कुलदीप एका गाड्यांच्या शोरूममध्ये मेकॅनिक होता. जेवायला आला तेव्हा त्यानं बरणी उचलली, भिंतीवरच्या फोटोशेजारी धरली आणि म्हणाला, “हे काय करून ठेवलं? बाबाची चामखीळ इकडची तिकडं गेली.”

रागिणीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आई, उलटा नाही मागतला तुमी?”

“नाही.”

“आता?” कुलदीप म्हणाला. “रविवारी मोतीरामकाका येतीन, सारे भाऊबंद येतीन. म्हनतीन, पोराले बाप सरळ नाही लावता आला. दे, ब्लेडनं खरडून टाकतो. नवीन प्रिंट आन.”

“खरडू नको.”

“अवं आई, हा बाबासारखा दिसून नाही राहिला!”

“मले दिसून राहिला!” गोदाबाईंनी बरणी त्याच्या हातातून काढून घेतली. “भिंतीवरचा नाही दिसत. वर्ष झालं, पाहून राहिली मी त्याच्याकडं. थो नोहे. हा हाये.”

कुलदीप बायकोकडे पाहायला लागला. आईचं डोकं फिरलं की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. रागिणीनं त्याला ताटावर बसवलं आणि स्वतः मागच्या अंगणात आली; गोदाबाई बरणी घेऊन परत घमेल्यापाशी बसल्या होत्या. एकच फोटो. एक ओळखू येतो, एक येत नाही. तिला राहवेना.

“आई, तुमी बाबाले पाह्यत कुठून होत्या?”

गोदाबाईंनी बरणी मांडीवर टेकवली.

“सकाळी दाढीले बसत ना ओट्यावर,” मग त्या म्हणाल्या. “आरसा खांबाले टांगलेला. मी गरम पान्याचा तांब्या घेऊन मांगं उभी. समोर बाजेवर सासरे. त्यायच्यादेखत नवऱ्याकडं सरळ पाहाची सोय होती का? मंग आरशात पाहो. दिवसाचे थे वावरात, राती दिवा बंद. तेवढंच पाहनं. सासरे गेल्यावर कोन अडवत होतं? पन मले समोर जाऊन पाहाची सवयच नाही राह्यली.”

रागिणीनं बरणी घेतली आणि हळूच फिरवून पाठीमागून त्यांच्यासमोर धरली. मोकळ्या काचेतून आत पाहिल्यावर पलीकडच्या काचेवर महादेवराव दिसले. चामखीळ डाव्या डोळ्याखाली, भिंतीवर होती तशी.

“हे पाहा. इकडून सरळ. रविवारी ही बाजू लोकायकडं ठेवू. खरडाची गरज नाही.”

“अन् थी बाजू?”

“थी भिंतीकडं. तुमी तिकडं बसा.”

गोदाबाईंनी बरणी परत आपल्या बाजूला वळवली. चेहरा वाळत आला होता आणि वाळताना डोळ्यांवर पांढुरका पापुद्रा उमटला होता.

“आई,” रागिणीनं विचारलं, “बाबा पाह्यत होते का तुमच्याकडं, आरशातून?”

“नाही व. दाढी करताना मानूस आपल्या गालाकडं पाह्यते.”

त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि डोळ्यांपाशी नेलं. “इथं कागद राह्यला. काढू का?”

“नको,” रागिणी म्हणाली. “डोळ्यातलं पांढरं कागदाचंच असते. घासलं तं आरपार दिसन.”

बोटावरचं पाणी गोदाबाईंनी लुगड्याला पुसलं. मग त्या ओठांचा चंबू करून त्या डोळ्यांवर फुंकर घालत बसल्या, लवकर वाळावेत म्हणून.