सटवाईच्या कागदावरचा आकडा

केनवडला तुळसाबाईच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाळाच्या सहावीच्या रात्री, नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवायची रीत. सकाळी कागद कोराच सापडतो. या घरी मात्र त्यावर निळ्या शाईत आकडा उमटला होता : १४२८५७.

"सांगा, एक ते सहातल्या कोनत्यानं गुनू?" गावचे भगत बाबूलाल महाराज मोबाइल उंचावून ओरडले.

"दोन!" २८५७१४.

"पाच!" ७१४२८५.

"पाहा, तेच सहा! जागा बदलतात, जात नाहीत. गेल्या साली गेलेली पोरच फिरून आली. अन् सातानं गुना, सारे नऊ! सात अमावस्या होईस्तोवर हिले उंबऱ्याबाहेर काढसान, तर ही पुन्हा जाईन."

आत रूपा बारा दिवसांच्या लेकीला छातीशी धरून बसली होती. बाळ हळदीसारखं पिवळं झालेलं, सकाळपासून दूध ओढत नव्हतं. आशाताई वाशीमच्या दवाखान्यात न्यायला सांगून गेली होती. पण खरंच तीच आली असेल तर? रूपानं पहिलीचं नाव हळूच हिच्या कानात म्हटलं. बाळानं डोळे उघडले नाहीत.

शेजारच्या निता मॅडम शाळेतून थेट आल्या. "महाराज, आठानं गुणा की."

"आठ अशुभ हाय!"

मॅडमनीच गुणलं. ११४२८५६. "सात कुठं हरवला? देवी पाढा विसरली काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम रूपाजवळ बसल्या आणि एकाला सातानं भागत गेल्या. "बाकी बघ. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, अन् पुन्हा एक. दशांशात १४२८५७ हेच सहा आकडे फिरत राहतात. दोनाला भाग, पाचाला भाग. एसटी कुठूनही धर, फेरी तीच. सातवा भाग सातदा घेतला की पूर्ण एक भरतो, म्हणून सारे नऊ. यात कुणाचा जीव नाही, रूपा."

"मंग कागदावर कसा आला?" सासूनं, तुळसाबाईनं विचारलं.

रूपा उठली. "आत्याबाई, त्या पेनात शाईच नव्हती. सहावीच्या सांजेले बाळाचं वजन लिहाले घेतला होता म्या, नुसता ओरखडा उठला. देवीले शाई कायले लागते, म्हनून तोच ठेवला."

सगळे सोजरबाईकडे वळले. बाळाला तेल लावायला येणारी, सहावीला त्याच खोलीत निजलेली, महाराजांची मावशी.

"कागद त्यानंच लिहून देल्ला होता," ती पुटपुटली. "म्या फकस्त बदलला."

महाराज चपला शोधू लागले.

रूपा मात्र रडली. पहिली दुसऱ्यांदा गेली होती. "मले ती पाहिजे होती, मॅडम."

"माहीत आहे. पण ही आहे ना अजून?"

रूपानं पदर सावरला आणि उंबरा ओलांडला. मागून तुळसाबाई दुपटं घेऊन धावली.

वाशीमच्या दवाखान्यात, कावीळ उतरवणाऱ्या निळ्या उजेडाखाली तिसऱ्या दिवशी बाळ रडलं, मग दूध ओढू लागलं. रूपानं हिच्या कानात हिचंच, नवं नाव म्हटलं. बाळानं डोळे उघडले.

आयांनो, गेलेलं लेकरू कुठल्याच आकड्यातून परत येत नाही. कुणी तसं सांगितलं, तर आधी आठानं गुणून पाहा. आणि बाळ पिवळं दिसलं, तर तेवढंही थांबू नका, दवाखाना गाठा.