प्रमिलाबेनची गाळणी

"प्रमिलाबेन, मने फरी लॉटरी लागी!" योगेंद्रने केबिनच्या दारातूनच मोबाइल उंच धरला. "पाच मिलियन डॉलर! हवे मिल वेची नाखीए?"

मिल विकायची म्हटल्यावर अकाउंट्सच्या टेबलांवर हशा पिकला. प्रमिलाबाईही हसल्या. या मिलमध्ये शेठ हसले की हसायचं, हे त्या मोठ्या शेठच्या, म्हणजे योगेंद्रच्या वडिलांच्या, काळापासून शिकल्या होत्या. पण योगेंद्र टेबलाजवळ आला आणि त्याचा आवाज खाली गेला. तो आवाज खाली नेतो तेव्हाच खरं बोलतो, हेही त्यांना ठाऊक होतं.

"लॉटरी का छोड़ो. ओकोरो साहब के ऑर्डर की मेल कचरे में पड़ी रही, बेन. हमने जवाब नहीं दिया, उसने चीन से माल ले लिया."

"नव्या मशीनमधला दोष आहे, शेठ. सापडेल."

"शनिवार तक देखते हैं. नहीं तो मेल बाहर की कंपनी को दे देंगे. वो स्नेहाबेन आई है ना, वो करेगी." आणि तो गेला.

मेलचं काम बाहेर गेलं की या टेबलावर काही उरत नव्हतं, हे प्रमिलाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवऱ्याचा, राघोचा, दम वाढल्यापासून घरात येणारा पगार हा एवढाच होता.

त्या अमळनेरहून लग्न होऊन सुरतेला आल्या, तेव्हा पांडेसऱ्यात मिलची भिंत नवी होती. राघो रंगखात्यात होता. प्रमिलाबाई मॅट्रिक झालेल्या, आवाज स्वच्छ, म्हणून मोठ्या शेठनी त्यांना टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. तो बोर्ड आता कुणाला आठवतही नसेल. भोकं, दोऱ्या, लुकलुकणारे दिवे. पलीकडच्या माणसाने 'हॅलो' म्हणण्याआधी घेतलेल्या श्वासावरून बाईंना कळायचं, हा खरा व्यापारी की विमा विकणारा. व्यापाऱ्याला आत जोडायचं आणि विमेवाल्याला 'शेठ बहारगाम गया छे' म्हणून गोड बोलून वाटेला लावायचं. मोठे शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आपणा दरवाजा पर प्रमिलाबेन बेठी छे."

मग टेलेक्स आला, फॅक्स आला, दोन्ही गेले, आणि मेल आली. मोठ्या शेठनी त्यांना रिंगरोडवरच्या क्लासला पाठवलं. पोरांच्या घोळक्यात पदर खोचून बसलेली एकटी बाई. तिथे त्या लिनक्स शिकल्या. शेठ म्हणाले होते, "मशीन कोई भी हो, दरवाजा तो दरवाजा है."

मेलच्या दारावर बसली ती गाळणी. स्पॅम अडवणारा प्रोग्राम खरा, पण बाई त्याला गाळणीच म्हणत, आणि मग सारं ऑफिस म्हणू लागलं. ही गाळणी शिकवली तर शिकते. रोज सकाळी अगरबत्ती लावली की, चहा यायच्या आधी, बाई तिला पत्रं दाखवत: हे खोटं, हे खरं. लागोसचे ओकोरो साहेब तर अगदी ठकासारखंच लिहायचे. 'प्रिय भाऊ, देव तुझं भलं करो, अत्यंत तातडीचा व्यवहार आहे.' जगातल्या कुठल्याही गाळणीने ते पत्र बाहेर फेकलं असतं. पण हा माणूस ड्रेस मटेरियल कंटेनरच्या हिशेबाने उचलायचा. बाईंच्या गाळणीला तो श्वासावरून ओळखू यायचा. वर्षानुवर्षांचं शिकणं तिच्या आठवणीच्या फाइलीत साठत गेलं होतं.

जुनं मशीन घरघरायला लागलं म्हणून नवं आणलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मिल बंद असताना बाईंनी सगळं सामान इकडून तिकडे नेलं. आणि सोमवारपासून गाळणी सगळं विसरली. फाइल जागेवर होती, मालकी बरोबर होती, वाचायची परवानगीही होती. तरी गाळणी नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखी वागत होती.

नव्या मशीनवर एक पहारा बसवलेला होता, एसई-लिनक्स नावाचा. जुन्यावर तो नव्हता. बाईंनी तो घटकाभर बंद करून पाहिला आणि गाळणीला सगळं आठवलं. चालू केला की पुन्हा कोरी. म्हणजे अडवत होता तोच. पण का अडवतो हे त्याच्या नोंदीत कुठेच नव्हतं. त्या पानावर एक ओळ नाही.

"बंदच ठेवा न मग, काकू," स्नेहा म्हणाली. ही बाहेरच्या कंपनीची मुलगी, मूळची यवतमाळची. मिलमधले मेलचे पत्ते मोजायला आली होती आणि बसायला दुसरी खुर्ची नाही म्हणून बाईंच्याच शेजारी बसत होती. "पुष्कळ जण तसंच करतात."

"दार उघडं टाकून चहाला जायचं? आमच्याकडे नाही चालत ते."

स्नेहा हसली. तिने स्वतःचा डबा बाईंपुढे सरकवला. ज्या मुलीच्या हातून आपलं काम जायचं, तिच्या डब्यातली वांग्याची भाजी गोड लागावी, याचं प्रमिलाबाईंना नवल वाटलं.

घरी, कोसाडला, राघो खाटेवर उशीला टेकून बसला होता. ताट वाढून झालं तरी बाई उंबऱ्याकडे बघत होत्या.

"काय व्हयनं वं?"

"गाळणी माले वळखस नही," बाई म्हणाल्या.

राघोला खोकल्यातच हसू आलं. "कसाले जीव जाळस? ते मशीन शे, पोर नही."

पोर त्यांना नव्हतं. राघो तसं बोलून गेला, मग त्याच्याही ध्यानात आलं आणि तो भाकरीचा तुकडा उगाच मोडत राहिला. बाईंनी त्याच्या ताटात आणखी थोडी डाळ वाढली.

शुक्रवारी दुपारी स्नेहा आपलं काम बाजूला सारून बाईंच्या पडद्याकडे वळली. "काकू, मले वाटते, तो पहारेकरी काही काही नकार लिहूनच नाही राहिला. नेहमीचे फुटकळ नकार असतात न, ते नोंदायचेच नाही असा त्याले नियम असते. आधी त्याले बोलतं करा."

तो नियम उठवायची आज्ञा तिने सांगितली, बाईंनी दिली. आणि मुक्या पानावर ओळी धावू लागल्या. नकार, नकार, नकार. गाळणी आठवण मागत होती आणि पहारेकरी रोज हजार वेळा तिला परत पाठवत होता, पण कुठे लिहीत नव्हता. बाई त्या ओळींकडे बघत राहिल्या. आपल्याला जन्मभर मिळालेलं कुठलं 'नाही' कुणी कुठे लिहून ठेवलं होतं?

"हे बघा," स्नेहाने बोट ठेवलं. "फाइलीवरचा बिल्ला."

पहारेकऱ्याला फाइल कुणाची याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो फक्त बिल्ला बघत होता. त्या रविवारी बाईंनी ती फाइल आधी मशीनच्या मुख्य चालकाच्या घरात, म्हणजे रूटच्या खोलीत, उतरवली होती आणि मग तिथून उचलून गाळणीकडे नेऊन ठेवली होती. नक्कल केली असती तर नव्या जागेचा बिल्ला आपोआप लागला असता. पण बाईंनी आयुष्यात घरं बदलली होती ती सामान उचलून. नक्कल करून घर कोण बदलतं? फाइल सासरी आली, बिल्ला त्या पहिल्या खोलीचाच राहिला. आणि त्या खोलीतल्या कशालाही हात लावायची गाळणीला बंदी होती.

"म्हणजे काकू," स्नेहा म्हणाली, "पोरगी इथं नांदून राहिली आणि नाव अजून माहेरचंच सांगते!"

"मग बदलू हिचं नाव," बाई म्हणाल्या. एका आज्ञेत बिल्ला बदलला. पहारा चालू, आणि गाळणीला सगळं आठवत होतं.

शनिवारी सकाळी ओकोरो साहेबांचं पत्र आलं आणि सरळ आत आलं. प्रमिलाबाई ते छापून घेऊन केबिनमध्ये गेल्या. इतक्या भरभर त्या कित्येक वर्षांत चालल्या नव्हत्या.

योगेंद्रने वाचलं. 'प्रिय भाऊ, मी पुष्कळ वाट पाहिली. आता माझी व्यवस्था दुसरीकडे झाली आहे. तुझ्या वडिलांच्या आत्म्याला शांती मिळो. देव तुझं भलं करो.'

"चालू हो गया," तो म्हणाला.

"हो शेठ. कालच."

तो पेपरवेट फिरवत राहिला. "बेन, उस कंपनी के साथ सही तो मंगलवार को ही हो गई थी."

"पण शनिवारपर्यंत म्हणालात..."

"आप इतना लगी हुई थीं. कैसे बोलता?" त्याने नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे नेली. "पप्पा होत तो अलग वात हती. हवे आराम करो, बेन."

बाईंनी टेबलावरचं पत्र उचललं, नीट घडी घातली आणि बाहेर आल्या.

त्यांच्या टेबलापाशी स्नेहा उभी होती. चेहरा पडलेला. "काकू... माझा मेल कोणालेच नाही भेटला. नव्या खात्यांचा. मी सकाळीच पाठवला होता."

प्रमिलाबाई खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि अडवलेल्या पत्रांचा खण उघडला. तिथेच होतं. 'तुमची मेल आता आमच्याकडे येत आहे. सोमवारपूर्वी खालील दुव्यावर जाऊन खात्री करा.' अशी आमंत्रणं या कंपन्या वर्षानुवर्षं पाठवत आल्या होत्या आणि बाईंनी दर सकाळी ती गाळणीला दाखवली होती: हे खोटं. गाळणीने बरोबर ओळखलं होतं.

स्नेहाला हसू आलं आणि तिथेच थांबलं. "राहू द्या. मी दुसऱ्या पत्त्यावरून पाठवते."

"कशाला?"

"तुमच्या हातानं नको."

"दारावर मीच बसलेय अजून," बाई म्हणाल्या. "आणि तिलाही चुकीचं शिकवून नाही सोडायचं."

त्यांनी पत्र खणातून काढलं आणि पुढे जाऊ दिलं. टेबलाटेबलावर टिंग, टिंग वाजत गेलं. अकाउंट्स, डिस्पॅच, डिझाइन, मग केबिन. प्रमिलाबाईंच्या मशीनवर वाजलं नाही. स्नेहाने मान खाली घातली. नव्या खात्यांची नावं केबिनमधून आली होती.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग रोजच्यासारखं ते पत्र गाळणीपुढे धरलं आणि सांगितलं: हे खरं.

पडद्यावर नेहमीची ओळ उमटली. एका पत्रावरून शिकले.