दसऱ्याला निघालेली लेक

लंडनच्या जावयाने फोनवर फोन करून सांगितलं, की शैलाच्या व्हिसाची मुदत पितृपक्षातच संपते, तिला लगेच पाठवा. रावेरचे लीलाधरआबा उखडले. "पितरांच्या पंधरवड्यात लेक घराबाहेर काढू? सरकारी शिक्का काय पळून जातो? दसऱ्यालाच निघेल ती!"

दसऱ्याला बँड लावून, गल्लीभर पेढे वाटून त्यांनी लेकीला मुंबईला नेलं. विमानतळावरच्या माणसाने शिक्का पाहिला आणि दोघांना परत पाठवलं.

परतीच्या गाडीत पाचोरा आलं, तसे आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथंच उतरू. गावाला काय तोंड दाखवू?"

"घरीच चला, आबा. ऐनवेळी मीच रडले, जायचं नाही म्हणाले, असं सांगते."

आयुष्यात कुणाचं न ऐकणारे आबा हळूच म्हणाले, "बरं."