पूर्वेकडच्या खिडकीची करकर

मित्रांनो, मी थांबत थांबत बोलेन, हल्ली दम लागतो. जयनगरातल्या एका बैठ्या घराची पूर्वेकडची खिडकी मी, वय साठीच्या पुढे. नरसिंह नावाच्या सुताराने मला सागवानातून घडवलं, तेव्हा माझ्या दोन दारांमधून सुईसुद्धा जात नव्हती. लोक बोट फिरवून बघायचे आणि वा म्हणायचे. पण कौतुक नव्या वस्तूचं असतं, कामाचं नाही, हे मला लवकरच कळलं.

उन्हात सुकायचं, पावसात फुगायचं आणि पुन्हा सुकायचं, साठ वर्षं हेच चाललं आहे. लाकूड आकसलं, चौकट कलली, फटी पडल्या. बिजागऱ्या गंजल्या आणि उघडताना मी अशी करकरू लागले की गल्लीतलं कुत्रंही मान वर करून बघे. कुणीतरी दोन थेंब तेल घालेल म्हणून मी किती वाट पाहिली! या घरात सगळ्यांना माझी गरज होती, पण माझ्यासाठी वेळ कुणालाच नव्हता.

या घराचे मालक गुंडो. घरीदारी सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. रोज सकाळी दहाला ऊन आलं की अण्णा मला उघडत. माझी करकर ऐकली की शेजारचे देवाप्पा दोन घरांमधल्या बोळातून येत आणि माझे गज धरून उभे राहत. अण्णांची मराठी आणि देवाप्पांची कन्नड मिळून एक तिसरीच भाषा झाली होती. संक्रांतीला देवाप्पा गजांतून एळ्ळु-बेल्लची पुडी आत देत. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं असं सगळं त्यात असे. अण्णा बाहेर तिळाचे लाडू देत. बेचाळीस वर्षांत एकही संक्रांत चुकली नव्हती. दोघांचे बाकीचे मित्र एकेक करून गेले होते, आता एकमेकांना हे दोघेच उरले होते.

गेल्या नोव्हेंबरात देवाप्पांच्या नारळाची झावळी आमच्या कौलांवर पडली आणि अण्णा चार शब्द जास्तच बोलले. त्याच दुपारी देवाप्पा आनेकलला मुलीकडे निघून गेले. पाठोपाठ थंडी पडली. माझ्या फटींतून गार वारा आत शिरला आणि अण्णांच्या छातीत कफ भरला. आठ दिवस ते इस्पितळात होते. मित्रांनो, त्या आठ दिवसांत मला स्वतःची फार लाज वाटली.

अण्णा घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की आता वाऱ्याची झुळूकही लागता कामा नये. त्यांची सून सत्यवती बँकेत नोकरी करते. तिने आपला एकुलता एक रविवार माझ्यावर घालवला. उदबत्ती पेटवून ती माझ्या कडेकडेने फिरवली आणि जिथे धूर वळला तिथे खडूने खूण केली. मग त्या फटींत स्पंजाच्या पट्ट्या दाबल्या आणि वरून चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी लावली.

"बघा अण्णा, स्वल्प तरी वारं येतंय का?"

"सरी, सरी, ठीक आहे. आता ही दुसरी दुलई काढ बाई, उकडायला लागलं."

किती वर्षांनी माझ्यामुळे कुणाला ऊब मिळाली होती! मी निवांत डोळे मिटले. खरं सांगते, उघडझाप नाही, करकर नाही, याचं मला सुखच वाटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी देवाप्पा परतले. त्यांना आजारपणाचं काहीच माहीत नव्हतं. संक्रांतीला दहा वाजून गेले तरी माझी करकर ऐकू आली नाही, म्हणून ते पुडी घेऊन स्वतःच आले आणि काचेवर टकटक केली. अण्णा आतल्या खोलीत डोक्यावर पंचा घेऊन वाफारा घेत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. देवाप्पांनी काचेतून ती खाकी पट्टी पाहिली. त्यांचं बोट काचेवर पट्टीच्या बाजूने चारी बाजूंना फिरलं. "एका झावळीसाठी, गुंडण्णा?" एवढंच ते म्हणाले आणि पुडी परत घेऊन गेले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं तोंड बंद होतं.

अण्णा मात्र लाडवांचा डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. जेवण नको म्हणाले.

"देवाप्पा रुसला," ते सत्यवतीला म्हणाले. "झावळीचं मनात धरलंन त्याने."

"फोन करा ना अण्णा."

"फोनवरून लाडू देता येतो काय?"

सत्यवती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने अण्णांच्या अंगावर शाल टाकली, कानटोपी घातली, सुरी आणली आणि स्वतः लावलेली पट्टी स्वतःच कापली. मी चिकटून बसले होते. तिने कडी धरून जोराने ओढलं, मीही होतं नव्हतं ते बळ एकवटलं आणि जन्मात करकरले नव्हते इतक्या मोठ्याने करकरले.

बोळात चपला वाजल्या. देवाप्पा जवळजवळ धावतच आले आणि कानटोपीतला तो सुकलेला चेहरा पाहून गजांशी थबकले.

"अय्यो, गुंडण्णा! काय झालं रे तुला? मी वेडा, मला वाटलं कोपानं बंद केलास."

अण्णांनी गजांतून लाडू पुढे केला.

आता सत्यवती ती चिकटपट्टी लावत नाही. स्पंजाच्या पट्ट्या आहेत आणि खालच्या फटीला जुन्या गोधडीची गुंडाळी असते. दहाला ऊन आलं की ती काढतात आणि पाच मिनिटं मला उघडतात. मित्रांनो, घरातल्या फटी जरूर बुजवा, म्हाताऱ्या माणसांना ऊब द्या. पण खिडकी बंद करण्याआधी पलीकडे कोण येऊन उभं राहतं, ते बघा आणि त्याला तसं सांगा.

परवा सत्यवती तेलाची बाटली घेऊन आली. कित्येक वर्षं मी या तेलाची वाट पाहिली होती. अण्णांनी तिचा हात धरला. "नको," ते म्हणाले. "मग त्याला कळायचं कसं?"

तिने बाटलीला बूच लावलं. राहू दे, मित्रांनो. आणखी थोडे दिवस करकरेन.