आठ हजार ऐंशी नंबरचं दार

जावईबापूंना या भांडणातून मिळायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. सासऱ्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीतली फिरती खुर्ची, काचेची केबिन, आणि मुख्य म्हणजे सासऱ्यांच्याच माडीवर घरजावई म्हणून राहण्यातून कायमची सुटका. "शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर ज्याचा प्रोग्राम नीट चालेल, कंपनी त्याची," असं सासऱ्यांनी जेवताजेवता जाहीर केलं होतं. स्पर्धेत दुसरा होता मेव्हणा. सासऱ्यांचा एकुलता एक आणि तेवढाच लाडावलेला मुलगा.

जावईबापूंचा प्रोग्राम पार्सलांचा माग काढायचा, मेव्हण्याचा हॉटेलच्या खोल्या राखून ठेवायचा. दोन्ही जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेले, आणि दोन्हींची रीत एकच: बाहेरच्या कंपनीला काही विचारायचं, ती म्हणणार "कळवतो", आणि मग सवडीने उत्तर आपल्या सर्व्हरवर पाठवणार. उत्तरं आत घ्यायला सर्व्हरला पोर्ट असतात. नंबर घातलेली दारंच म्हणा ना. एका दाराशी एकच प्रोग्राम बसू शकतो. आता अशी दारं पासष्ट हजारांवर. पण दोघांनीही पुस्तकाच्या पहिल्या धड्यातलं आठ हजार ऐंशी नंबरचंच दार उचललं. त्यात सासरे पडले चिक्कू, त्यामुळे सर्व्हर एकच.

मग काय, जो सकाळी आधी ऑफिसात पोचेल तो बसमध्ये रुमाल टाकावा तसा पोर्ट अडवून बसायचा. दुसऱ्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरं: पोर्ट वापरात आहे.

"अहो, तुम्हीच नंबर बदला की," बायको म्हणाली. "एक ओळ बदलायची आणि त्या पार्सलवाल्यांना नवा पत्ता कळवायचा. संपलं!"

"मी का म्हणून? तुझ्या भावाला सांग. लहान कोण आहे?"

"सांगितलं त्याला. तो म्हणतो, कंपनी कोणाच्या बापाची आहे?"

झालं! आता नंबर बदलणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. मेव्हण्याने जावईबापूंचा प्रोग्राम परस्पर बंद पाडायला सुरुवात केली. जावईबापूंनी तो पडला की आपोआप उठेल अशी सोय केली. त्यावर मेव्हण्याने एक राखणदार प्रोग्राम लिहिला. तो थोड्याथोड्या वेळाने पोर्टवर बसलेल्याला उठवायचा आणि मेव्हण्याच्या प्रोग्रामला तिथे बसवायचा. एवढी अक्कल दोघांनी मूळ कामात खर्चली असती तर! पण काहींची अक्कल भाऊबंदकीपुरतीच पाजळते.

शुक्रवारी औषधांच्या दुकानांची मालकीणबाई आली. जावईबापूंनी ऐटीत तिच्या इन्सुलिनच्या खोक्याची चौकशी पाठवली.

"आता बघा हं मॅडम, उत्तर आपसूक येईल."

नेमका तेव्हाच राखणदार जागा झाला. त्याने जावईबापूंचा प्रोग्राम पाडला आणि दाराशी मेव्हण्याचा बसवला. उत्तर आलं, तेही वेळेवर. पण मेव्हण्याचा प्रोग्राम आलेलं उत्तर कोणाचं आहे हे बघायचाच नाही. येईल त्याला मान डोलवायचा. भिंतीवरच्या पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: "अभिनंदन! डबल बेडची खोली निश्चित. न्याहारीसह."

"म्हणजे माझं इन्सुलिन न्याहारी करून निघणार?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हा याचा चावटपणा आहे!" जावईबापू ओरडले. "माझ्या पोर्टवर बसलाय!"

"तुमचा पोर्ट? भाऊजी, हुंड्यात मिळाला होता का?"

"चिरंजीव, गप्प बसा!" सासरे गरजले. "जावईबापू, तुम्हीसुद्धा!"

मालकीणबाईंनी पर्स उचलली. "तुम्हाला घरातल्या घरात एक नंबर वाटून घेता येईना, आणि मी माझी दुकानं तुमच्या हवाली करू?" सासरे लिफ्टपर्यंत मागे धावले, लिफ्ट थांबली नाही.

परत आल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. "मी काही निवृत्त होत नाही. दोघांनी वेगवेगळे नंबर घ्या, आत्ता, माझ्यासमोर." बायको सांगत होती तीच एक ओळ दोघांनी बदलली. चहा निवायच्या आत काम झालं.

हिशेब मांडायचा तर सासऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं, पण खुर्ची वाचली. मेव्हणा लाडका होता, तो लाडकाच राहिला. जावईबापूंचं तर स्वतःचं असं काही नव्हतंच, मग जाणार काय? दोघांनी एकमेकांशी बोलणं तेवढं टाकलं. तेव्हापासून खालचा भावाचा निरोप वर आणि वरचा नवऱ्याचा निरोप खाली, दिवसभर, बायको पोचवते.