चाकांच्या रेघा

लाल सिमेंटच्या जमिनीवर दोन रेघा होत्या. खाटेपासून निघून त्या दारापर्यंत सारख्या अंतराने जात, उंबरठ्याशी डावी किंचित बाहेर झुके, आणि पडवीच्या खांबाजवळ दोन्ही संपत. मुळगावात खाणीकडची तांबूस धूळ सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा बसे. रेघांवर मात्र ती टिकत नसे, कारण जानकी रोज संध्याकाळी चाकांची खुर्ची त्यांवरून ढकलत पडवीत नेई आणि दिवेलागणीला परत आत आणी.

खुर्ची रिकामी असे. गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात तिचे यजमान सदाशिव गेले, त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

"कोणाला फिरवतेस गे?" शेजारची मंगल कुंपणावरून विचारी. "मला तरी बसव एकदा."

जानकी हसून वेळ मारून नेई.

डिचोलीची एक संस्था अशा वस्तू आजारी माणसांना वापरायला देई. तिचा चिटणीस गौरेश अधूनमधून निमंत्रण घेऊन येई. संस्थेची रीत अशी, की देणाऱ्याने वस्तू घेऊन रविवारी सभागृहात यायचं. तिथे त्याचं नाव पुकारायचं, शाल-नारळ द्यायचा, फोटो काढायचा. मान दिला की माणसं पुढे येतात, असं गौरेशला मनापासून वाटे. जानकीलाही खुर्ची द्यायची होती. पण दर वेळी तोंडून निघे, "पुढल्या महिन्यात बघू." तो गेल्यावर आपण खरं बोललो की खोटं, हे तिचं तिलाच कळत नसे.

त्या दिवशी ऊन कलल्यावर गौरेशऐवजी विनिता आली. संस्थेत नवी होती, आणि तिच्या हातात निमंत्रण नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "काकी, देणं तुला जड जातं, की आमच्याकडे येणं?"

असं कोणी विचारलं नव्हतं. जानकीने पदराला हात पुसले.

"गौरेश म्हणतो, बसच्या टपावर घाल आणि ये. घातली समज. मग माइकवरून ह्यांचं नाव घेणार, लोक टाळ्या वाजवणार. मेलेल्या माणसाच्या नावाला टाळ्या कसल्या गे? आणि येताना मी एकटी बसमध्ये, मांडीवर शाल घेऊन." ती थांबली. "बाराव्याला छत्री दिली, चपला दिल्या, अंथरूण दिलं. भटजी घरी आले, घेतलं, गेले. मला काही ठरवावं लागलं नाही. रडायला मोकळी होते. ही कदेल, खुर्ची, तेवढी राहिली. चाकांची कदेल कुठल्या पोथीत असणार?"

विनिता जमिनीवरच्या रेघांकडे बघत राहिली.

"मग आज भटजी मी," ती म्हणाली. "दक्षिणा नको. चहा दे."

जानकीला हसू आलं. फळीवरून तिने दोन कप काढले. दुसऱ्याच्या तळाशी धूळ होती, तो तिने दोनदा विसळला.

चहा पिताना विनिता म्हणाली, "आमोण्याला भिकाजी म्हणून आहेत. कंबर मोडलीय. बायको त्यांना चादरीवर बसवून अंगणापर्यंत ओढत आणते. गौरेश टेम्पो घेऊन खाली रस्त्यावर थांबलाय, आम्ही तिकडेच चाललोय. तू नाही म्हणालीस तर टेम्पो रिकामा जाईल, काही बिघडत नाही. मी परत येईन ती चहाला. खुर्चीचं विचारणार नाही."

खुर्ची बाहेर काढायची वेळ झाली होती. जानकी उठली, हात टेकायच्या दोन्ही पट्ट्या फडक्याने पुसल्या, आणि रोजच्यासारखी ढकलत निघाली. विनिता मदतीला उठली आणि परत बसली.

उंबरठा आला. डावं चाक सवयीने बाहेर झुकलं. खांबापाशी हात आपोआप थांबले. पुढे पायरी होती, अंगण होतं, आणि त्यापलीकडे रस्ता.

"डाव्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही," जानकी पाठमोरीच म्हणाली. "भिकाजीच्या बायकोला सांग, उतार असला की उजवा आधी लाव." तिने मुठी सोडल्या. "ने, बाय. आजच ने."